गोव्याच्या 'गरम' पाण्यात डीको प्लॅनिंग: अंगाचं तापमान मोजायच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

आधी काय करायचंय ते सांगतो. डीको म्हणजे खोल डाइव्हनंतर वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत (हेच स्टॉप) अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू देणं. तो प्लॅन करताना आपण खोली टाकतो, वेळ टाकतो, गॅस टाकतो, जीएफ (ग्रेडियंट फॅक्टर, किती सावध राहायचं त्याचे आकडे) टाकतो, तापमान कुठेच टाकत नाही कारण त्याला रकानाच नाही. डीकोचा हिशोब करणाऱ्या ब्युलमनच्या झेडएचएल-१६सी या मॉडेलमध्ये १६ कंपार्टमेंट (अंगाचे काल्पनिक भाग) आहेत, ५ मिनिटांच्या हाफ-टाइमपासून (तो भाग गॅसने अर्धा भरायला लागणारा वेळ) ६३५ मिनिटांपर्यंत, आणि डायव्हर घामाघूम झालाय की कुडकुडतोय याची चौकशी त्यातलं एकही करत नाही. डाइव्ह कॉम्प्युटरवर जो तापमानाचा आकडा दिसतो तो पाण्याचा, तोही मागे रेंगाळणारा, आणि बहुतेक मॉडेल्समध्ये तो फक्त लॉगबुकात जातो, हिशोबात नाही.

आमच्याकडे यावर उत्तर ठरलेलं असतं, की ते सगळं युरोपातल्या थंड तळ्यांचं दुखणं, आपलं पाणी २८, इथे कसला प्रश्न. बोटीवर मी हा विषय काढला तर तांडेलकाका पण हसले, "उदक हून आसा मरे" (पाणी गरम आहे ना रे). मीही तेच धरून चाललो होतो, मग अमेरिकन नौदलाच्या एनईडीयू या डायव्हिंग संशोधन केंद्राचा २००७ चा रिपोर्ट हातात आला. फ्लोरिडात पनामा सिटीला त्यांचं मोठं प्रेशरवालं टँक आहे, त्यात त्यांनी डायव्हर १२० फुटांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर नेले. पाणी दोनच प्रकारचं, ३६ डिग्री किंवा २७ डिग्री. एका गटाला तळाला गरम आणि स्टॉपला थंड, दुसऱ्याला उलटं. डीको जवळपास सारखाच, दीड तासाच्या आसपास. तळाला गरम-स्टॉपला थंड वाल्यांना फक्त ३० मिनिटं तळाला ठेवलं तरी २२ टक्के डाइव्हमध्ये डीसीएस (अंगात गॅसचे बुडबुडे होऊन येणारा आजार) झाला. तळाला थंड-स्टॉपला गरम वाले ७० मिनिटं राहिले आणि १.३ टक्के.

आता तो आकडा परत बघा. त्यांचं 'थंड' म्हणजे २७. आपण ज्याला मस्त गरम म्हणतो तेच पाणी. न हलता पडून राहिलेल्या उघड्या माणसाचं अंग पाण्यात स्थिर राहायला ३४-३५ लागतं, त्याच्या खाली उष्णता जातच राहते, आणि पाणी ती हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढतं.

कारण फार अवघड नाही. तळाला अंग गरम, स्नायू काम करतायत, रक्त सगळीकडे खेळतंय, तर नायट्रोजन भराभर आत. स्टॉपला माणूस दोरी धरून गप्प लटकतो, गार पडतो, हातापायाच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, आणि आत गेलेला नायट्रोजन बाहेर यायचा रस्ता अरुंद होतो. टीडब्ल्यूए ८०० विमान १९९६ ला लाँग आयलंडजवळ पडलं तेव्हा नौदलाचे डायव्हर गरम पाणी सोडलेल्या सूटात खाली जात होते, तिथल्या डीसीएस केसेसनंतरही नौदलाच्या डॉक्टरांनी याच उष्णतेकडे बोट दाखवलं.

तर मी आणि माझा बडी (डाइव्हचा जोडीदार), दोघांनी ठरवलं की सूटच्या आत चार ठिकाणी सेन्सर लावायचे, पूर्ण डाइव्ह रेकॉर्ड करायचा, आणि बघायचं की आपल्या पाण्यात, आपल्या ३ एमएमच्या सूटात, आपण नक्की केव्हा गरम आणि केव्हा गार असतो. जमलं तर ते प्लॅनमध्ये घालायचं. ट्रेनिंग नसलेल्यांनी यातून फक्त कपड्यांचा आणि बोटीवरचा भाग घ्या, बाकी नो-डीकोतच (स्टॉप लागत नाहीत अशा डाइव्हमध्येच) राहा.

१२ ऑक्टोबर

सामान आलं. डीएस१८बी२० सेन्सर, स्टीलच्या टोपीतले, केबलसकट, सव्वाशेला एक, सहा मागवले. ईएसपी३२ बोर्ड (छोटा प्रोग्रॅम करता येणारा) साडेचारशे. मायक्रोएसडी मॉड्यूल ऐंशी. एक १८६५० लिथियम सेल, तीनशे. लॉगरच्या, म्हणजे या सगळ्या रेकॉर्ड करणाऱ्या डब्याच्या, बॉडीसाठी नवीन काही घेतलं नाही, बडीकडे जुना मेलेला डाइव्ह टॉर्च पडला होता, ॲल्युमिनियमचा, दोन ओ-रिंगवाला (पाणी अडवणारी रबरी कडी), त्याची काच काढून तिथे १० एमएमची ॲक्रिलिकची चकती बसवायची आणि चकतीतून केबल आत घ्यायच्या.

सेन्सर आधी कॅलिब्रेट करायचे. बर्फ फोडून थर्मासमध्ये भरला, त्यात थोडंसं पाणी, नीट ढवळून दहा मिनिटांनी रीडिंग. सगळ्यांनी शून्य दाखवायला पाहिजे. चार जण ठीक होते, अर्ध्या डिग्रीच्या आत, डेटाशीटमध्ये तेवढीच हमी आहे. दोन जण सव्वा-दीड डिग्री वर. बाजारात या सेन्सरच्या नकला भरपूर आहेत आणि स्टीलच्या टोपीत काय बसवलंय ते बाहेरून दिसत नाही. ते दोन बाजूला काढले. नंतर कोमट पाण्यात ३५-३६ ला क्लिनिकल थर्मामीटरशेजारी धरून परत तपासले आणि प्रत्येकाचा फरक टेपवर लिहून केबलला चिकटवला. हे केलं नाही तर पुढचं सगळं फुकट, कारण आपण जे शोधतोय तो फरकच तीन-चार डिग्रीचा आहे.

१९ ऑक्टोबर

उद्या नरकचतुर्दशी. ॲक्रिलिक कापणारा पोरगा वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे लागलाय, आठवडाभर त्याला फोन करून काही उपयोग झाला नाही, शेवटी चकती मीच हॅकसॉने कापली आणि पॉलिश पेपरवर घासत बसलो. अख्खी संध्याकाळ त्यात.

केबल चकतीतून घेऊन इपॉक्सी ओतली, चोवीस तास ठेवली, बाहेरून दगडासारखी घट्ट. आत इलेक्ट्रॉनिक्स न ठेवता, फक्त कोरडा टिश्यू पेपर ठेवून, बोटीवरून वजन बांधून दोरीने ग्रँड आयलंडपाशी पंधरा मीटरला सोडली. वर काढली तर टिश्यू ओला. ओ-रिंग कोरड्या, चकती कोरडी. पाणी आलं कुठून हे दोन दिवस कळत नव्हतं. ते केबलच्या आतून आलं होतं. इपॉक्सी केबलच्या बाहेरच्या प्लास्टिकला धरते, पण प्लास्टिकच्या आत बारीक तारांचा जो जुडगा असतो त्याच्या फटीतून पाणी दाबाने सरळ आत चालत येतं, बाहेरच्या टोकाला केबल कुठे जरी सोललेली असली तरी. एका केबलवर ब्लेडची चीर होती, बास.

उपाय: चकतीच्या आत जिथे इपॉक्सी येणार तिथे एक सेंटिमीटर प्लास्टिक पूर्ण सोलायचं, तारा उघड्या करायच्या, त्यावर सोल्डर वितळवून जुडगा भरून टाकायचा, मग इपॉक्सी. आता तारांमधून रस्ताच नाही. आणि इपॉक्सी एका दमात जाड ओतू नका, ती स्वतः तापते, पहिल्या वेळी चकतीला बारीक तडा गेला होता. दोन थरात ओतली. पुन्हा दोरीने सोडली, टिश्यू कोरडा.

२६ ऑक्टोबर

पहिली खरी डाइव्ह, ग्रँड आयलंड, बारा-तेरा मीटर, दिसतंय जेमतेम तीन मीटर. डीकोचा संबंध नाही, फक्त मशीन चालतंय का बघायचं होतं.

सेन्सर कुठे लावायचे हे मी ठरवलं नाही, रामनाथन यांचं १९६४ चं सूत्र आहे, छाती, दंड, मांडी, पोटरी. छाती आणि दंडाची बेरीज गुणिले ०.३, मांडी आणि पोटरीची बेरीज गुणिले ०.२, दोन्ही मिळवले की कातडीचं सरासरी तापमान. चार सेन्सरात काम होतं म्हणून तेच घेतलं.

फसलेल्या गोष्टी. मायक्रोपोर टेप घामाने बोटीवरच सुटली, पाण्यात जायच्या आधीच. पोटरीचा सेन्सर बुटात जाऊन बसला. छातीचा सेन्सर जागेवर होता पण त्याचा ग्राफ हुबेहूब पाण्याच्या तापमानासारखा, कारण सूटमध्ये पाणी आत-बाहेर होतं आणि स्टीलची टोपी तेच पाणी मोजत होती. आणि एसडी कार्डवरची फाइल अर्धी, वर येऊन स्विच बंद केला तेव्हा शेवटचा तुकडा लिहिलाच गेला नव्हता, आणि आपल्याला नेमका शेवटचाच तुकडा हवा होता.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी निघाली, पाण्याचंच तापमान. वर २९ च्या आसपास आणि तळाला पाच डिग्रीने कमी, मध्ये एका मीटरभरात फरक, चेहऱ्यावर सरळ जाणवतो. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्यावर खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं, दोनापावलाच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक कांदोळीच्या समोर एका ठरलेल्या जागेवर वर्षानुवर्षं हेच मोजतायत. डीकोच्या दृष्टीने ऑक्टोबर म्हणजे तळाला थंड, स्टॉपला गरम, एनईडीयूच्या चांगल्या गटासारखं. पण सगळे वैतागतात ते याच महिन्यात, "तळाला किती थंड होतं यार". आणि डिसेंबरात वरपासून खालपर्यंत सारखं पाणी मिळालं की सगळे खूश.

९ नोव्हेंबर

दुरुस्त्या. जुन्या ५ एमएम सूटचे रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठे तुकडे कापले, सेन्सर कातडीवर, त्यावर तुकडा, त्यावर खेळाडू लावतात ती ताणणारी टेप, आणि पोटरी-मांडीला वरून क्रेप बँडेज, सैल. घट्ट बांधलं तर रक्तच थांबेल आणि मग आपण बँडेज मोजतोय. तुकड्यामुळे रीडिंग खऱ्यापेक्षा थोडं वर येतं हे माहीत आहे, चालेल, आम्हाला चढ-उतार कुठे होतो तेवढं हवंय. टेप लावायच्या आधी कातडी स्पिरिटने पुसा, खोबरेल लावून आलात तर काहीच चिकटणार नाही, बडीला हे दोनदा सांगावं लागलं.

कोडमध्ये प्रत्येक ओळीनंतर फाइल फ्लश, म्हणजे लिहिलेलं लगेच कार्डवर. दहा सेकंदाला एक ओळ, पुरेशी आहे.

केबल सूटच्या आतून मानेपाशी बाहेर, लॉगर बीसीडीच्या (हवा भरायच्या डाइव्ह जॅकेटच्या) खिशात. झिप लावताना केबल चिमटते, म्हणून आता दुसऱ्याने लावून द्यायची.

२३ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी लॅपटॉपवर गेल्या. पायथनमध्ये ब्युलमन लिहिला आणि त्याची उत्तरं सबसरफेसच्या प्लॅनरशी ताडून बघितली (तेच ओपन सोर्स लॉगबुक, लिनस टोरवाल्ड्सने २०११ ला सुरू केलेलं). माझं उत्तर दर वेळी थोडं जास्त यायचं. कारण सापडलं, फुफ्फुसातली पाण्याची वाफ वजा केली नव्हती, ०.०६२७ बार. गंमत म्हणजे अख्ख्या मॉडेलमध्ये अंगाचं तापमान डोकावतं ते एवढ्या एकाच जागी, हा वाफेचा आकडा ३७ डिग्रीचा आहे, आणि तो कायमचा ३७ धरलेला.

मग हात शिवशिवले. विचार असा, की गार पडलं की रक्त कमी, रक्त कमी म्हणजे हाफ-टाइम लांब, तर सेन्सरच्या सरासरीवरून एक गुणक काढायचा आणि स्टॉपच्या वेळी सगळे हाफ-टाइम त्याने वाढवायचे. कोड अर्ध्या तासात झाला. आकडे पण आले, अगदी दशांशासकट. गुणक जरा हलवला की डीको दोन मिनिटांनी वाढतो, अजून हलवला की दहाने, आणि यातला बरोबर कुठला हे सांगायला माझ्याकडे काहीही नाही. मी आणि बडी दहा काय वीस डाइव्ह मारून ठणठणीत परत आलो तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण असल्या प्लॅनमध्ये मुळात शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. एनईडीयूने त्यासाठी शेकडो डाइव्ह केल्या आणि प्रेशर चेंबर शेजारीच होता.

दुसरं म्हणजे सगळ्या १६ कंपार्टमेंटना एकच गुणक हे मुळातच चुकीचं. कातडी आणि हातपाय आखडतात, मेंदूचं रक्त तसं आखडत नाही. आणि कंपार्टमेंट म्हणजे काही अवयव नाहीत की नंबर पाचला मांडी म्हणावं.

आणि तिसरं, हे जास्त धोक्याचं, तोच कोड ऑक्टोबरच्या थंड तळासाठी चालवला तर डीको कमी करून देतो. बडीचे डोळे लगेच चमकले. नाही म्हटलं. तळाला थंड वाटलं म्हणून सवलत घ्यायची नाही, तापमानाचा हिशोब फक्त एका दिशेने, वेळ वाढवायला. ही फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीय आणि कुणी मागितली तरी देणार नाही.

७ डिसेंबर

नेत्राणी, कर्नाटकातलं बेट. वास्कोहून पहाटे निघून मुरुडेश्वर, तिथून बोटीने दीड तास. बोटीवर माझ्या छातीचं रीडिंग ३६ च्या जवळ, सूट पूर्ण चढवून उन्हात ब्रीफिंग ऐकत बसलो होतो. पाणी वरपासून खालपर्यंत २८. तीस मीटर, पंचवीस मिनिटं, हवा, जीएफ ४०/८५, डीको बारा मिनिटांच्या आसपास. तळाला थोडा करंट होता, फिन मारावे लागले.

ग्राफ घरी येऊन उघडला. पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही मिनिटांत छाती दोन डिग्री खाली, मग तळाला जवळजवळ सपाट, कारण पाय चालू. सूट तिथे दाबाने पातळ झालेला असतो तरी. मग चढायला सुरुवात झाली आणि पाय थांबले आणि ग्राफ परत खाली. पोटरी ३० च्या खाली गेली ती सहा मीटरच्या स्टॉपला, आणि अख्ख्या डाइव्हचा सगळ्यात खालचा आकडा, चारही सेन्सरचा, तीन मीटरच्या स्टॉपच्या शेवटच्या दोन मिनिटांत. पाण्याचं तापमान पूर्ण वेळ तेच, २८, कॉम्प्युटरचा ग्राफ सरळ रेघ. पण डायव्हर गरम उतरला, गरम राबला आणि गार स्टॉप केला. म्हणजे एनईडीयूचा वाईट गट, सौम्य आवृत्ती. प्रकल्पाचा सगळा खर्च या एका ग्राफमध्ये वसूल.

दुसरी डाइव्ह उथळ होती, पण सुरुवातच छातीला ३३ ने, म्हणजे पहिलीतून अंग सावरलंच नव्हतं. मधला तास ओल्या सूटात वाऱ्यावर बसलो होतो. बडी शेवटी थरथरत होता आणि कबूल करत नव्हता.

१४ डिसेंबर

आता यावर काय. पहिली कल्पना सगळ्यांना सुचते तीच, स्टॉप लांबवा. पण लांबवलेला स्टॉप म्हणजे अजून पाच मिनिटं गार पाण्यात लटकणं, ग्राफ तिथे सपाट होत नव्हता, खालीच चालला होता. आधी कपडे, मग मिनिटं, असा क्रम ठरला.

बॅटरीवाल्या गरम जॅकेटचा विचार केला आणि सोडला. वेटसूटात चालणारं चांगलं घ्यायचं तर आमच्या सगळ्या प्रकल्पाच्या कितीतरी पट पैसे, शिवाय त्याचा बिघाड कसा होतो ते बघा: तळाला चालू ठेवलं आणि बॅटरी स्टॉपला संपली, की तळाला गरम-स्टॉपला थंड हे आपण विकत घेतलं. वापरायचंच असेल तर तळाला बंद किंवा अगदी मंद, आणि चढताना चालू. छातीच्या पट्ट्यातून कातडीचं तापमान घेऊन हिशोबात धरणारे कॉम्प्युटर पण आहेत, स्कुबाप्रोचे गॅलिलिओ आणि जी२, तेही बजेटबाहेर, आणि त्यांच्या आत नक्की किती मिनिटं कशासाठी वाढतात ते आपल्याला उघडून बघता येत नाही.

हूड असलेलं बनियन घेतलं, हूडेड व्हेस्ट, साडेपाच हजार, या सगळ्यातला सर्वात मोठा खर्च. डोकं, मान आणि छाती झाकली जाते.

२८ डिसेंबर

परत नेत्राणी, तेवढीच खोली, तेवढाच वेळ.

योजना होती की हूड मागे टाकून तळाला जायचं आणि पहिल्या स्टॉपला चढवायचं, म्हणजे तळाला गारवा, वर ऊब. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात नऊ मीटरला हूड ओढताना मास्कचा पट्टा सरकला, मास्क भरला, तो रिकामा करता करता मी सात मीटरला पोहोचलो, बडीने फिन धरून खाली ओढलं. डीको चालू असताना असले उद्योग करायचे नाहीत. बंद.

दुसऱ्या दिवशीच्या डाइव्हला हूड सुरुवातीपासूनच वर, पण तळाला असताना अधूनमधून बोटाने मानेपाशी कड उचलून पाणी आत घ्यायचं. एवढंच. चढायला लागलो की कड सोडायची आणि परत हात लावायचा नाही. स्टॉपला हात काखेत, गुडघे जवळ, आणि फिन अगदी हळू हलते ठेवायचे, दमायचं नाही पण पुतळाही व्हायचं नाही.

बोटीवर सूट कमरेपर्यंतच घालायचा, वरचा भाग उडी मारायच्या पाच मिनिटं आधी. डोक्यावर समुद्राचं पाणी ओतून घ्यायचं. ब्रीफिंग ताडपत्रीच्या सावलीत. यात एक पैसा खर्च नाही आणि ग्राफमध्ये सुरुवातीचा आकडा दीडेक डिग्रीने खाली आला, यावर माझाच विश्वास बसेना म्हणून दोघांच्या लॉगरची अदलाबदल करून परत बघितलं. (दुसरा लॉगर मध्येच बनवला, पहिल्याला महिना लागला तो दुसरा दोन दिवसांत झाला.)

शेवटच्या स्टॉपला छाती आधीच्या ट्रिपपेक्षा जवळजवळ दोन डिग्री वर. पोटरी तेवढीच गार, तिला हूडने काय फरक पडणार. म्हणजे आता सुरुवात आणि शेवट यातली उतरंड अर्ध्यावर आलीय. पालथी झालेली नाही, अर्ध्यावर आलीय.

डाइव्ह संपल्यावरचं पण लिहून ठेवतो. वर आलं की सगळ्यांची धाव इंजिनाच्या झाकणाकडे, ते तापलेलं असतं, त्यावर पाठ टेकून बसायला बरं वाटतं. आता आम्ही तिथे बसत नाही. गार अंगावर एकदम बाहेरून उष्णता आली की कातडी आधी तापते, गरम कातडीत गॅस कमी विरघळून राहतो, आणि रक्त तो वाहून न्यायला अजून नीट पोहोचलेलं नसतं, मग तिथेच बुडबुडे, खाज, जांभळट चट्टे. हॉटेलवर आल्या आल्या कडक गरम पाण्याची आंघोळ, त्याचंही तेच. ओलं काढायचं, कोरडं घालायचं, विंडचीटर, आणि थर्मासमधून उकड्या तांदळाची पेज. बडीची आई पेजेबरोबर आंब्याचं लोणचं देते, ते मात्र बोटीवरची सगळी माणसं संपवतात.

१८ जानेवारी

प्लॅनमध्ये शेवटी काय घातलं. कुठलंही नवीन सूत्र नाही. पहिली डाइव्ह, हूड आहे, बोटीवर सावलीत होतो: जीएफ हाय (४०/८५ मधला दुसरा आकडा, कमी म्हणजे जास्त सावध) ८५ चा ८० केला. दुसरी डाइव्ह, किंवा सुरुवातीलाच छातीचं रीडिंग ३४ च्या खाली, किंवा तळाला करंटात राबावं लागलं: ७०. दोघांपैकी एकजण थरथरायला लागला की तळ तिथेच सोडायचा, आणि वेळ वाचवायचा तो तळातून, स्टॉपमधून नाही. हे आकडे कुठल्या प्रयोगातून आलेले नाहीत, आमचं ठरवलेलं मार्जिन आहे, आणि ते मार्जिन आहे हे विसरायला होऊ नये म्हणून स्लेटवर तसंच लिहितो. ७० ने डीको काही मिनिटांनी वाढतो, त्यासाठी हवा आधीच धरायची, खाली गेल्यावर नाही.

पाण्याखाली लॉगर बघता येत नाही, त्यामुळे थरथर हाच आमचा सेन्सर. बडीशी ठरलंय की सहा मीटरला एकमेकांना हाताची खूण करून विचारायचं, आणि 'जरा गार' ही वेगळी खूण आहे, ओके नाही.

८ फेब्रुवारी

खर्च, एका लॉगरचा: इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, इपॉक्सी, ॲक्रिलिक, टेप मिळून अडीच हजारांच्या आत, टॉर्चची बॉडी फुकट मिळाली म्हणून. फुटलेली चकती, नकली सेन्सर आणि एक बुडालेला ईएसपी३२ धरला तर अजून हजारभर. तो कसा बुडाला: ओ-रिंगवर केस अडकला होता. एक केस. सुदैवाने सेल फुगला नाही, लगेच काढून बाहेर वाळूत ठेवला. आत पाणी गेलेला लिथियम सेल बोटीवर कुणाच्या बॅगेत ठेवू नका आणि परत चार्ज करायचा तर विचारही नको.

एक लॉगर मालवणला एका ओळखीच्या इन्स्ट्रक्टरकडे पाठवलाय. तो दिवसभर टुरिस्टांना घेऊन पाण्यात असतो, डीको नाही पण तासन् तास उथळात, आणि संध्याकाळी त्याचे आकडे काय निघतात ते मला बघायचंय. सोबत दोन जास्तीच्या ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीसची डबी आणि सेन्सरच्या फरकाचा कागद दिलाय. छातीचा सेन्सर ०.३ वर दाखवतो, तेवढं वजा करायचं, केबलवरची टेप निघाली तर त्या कागदावर बघ असं सांगितलंय.